सोलापूरच्या ढगांत शिरलेले विमान

बॅटमॅन हा नायक १९३९ साली कॉमिक्सच्या पानांवर अवतरला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरच्या अंकात त्याला वटवाघळाच्या आकाराचे उडते वाहनही मिळाले. पुढे या वाहनाची रूपे बदलत गेली, त्यातली उपकरणे वाढत गेली. अंधारात पाहणारी यंत्रे, धूर सोडणारी नळकांडी, शत्रूचा माग काढणारा पडदा, असे सगळे त्यात आले. संकट आले की नायकाने बटण दाबायचे आणि पुढच्या चौकटीत काम फत्ते! बॅटमॅनला आपले यंत्र चालले की नाही, हे कधी तपासून पाहावे लागत नाही.

उपकरणांनी खच्चून भरलेले एक विमान सोलापूरकरांच्या डोक्यावरून खरोखर फिरले आहे. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने, म्हणजे ‘आयआयटीएम’ने, सोलापुरात मुक्काम ठोकून ढगांवर प्रयोग केले. ‘कायपीक्स’ नावाच्या, २००९ पासून टप्प्याटप्प्याने चाललेल्या प्रकल्पाचा हा चौथा टप्पा होता. त्यासाठी बीचक्राफ्ट जातीची, दोन पंख्यांची दोन विमाने वापरली गेली. लोकांच्या लेखी हा ‘कृत्रिम पावसाचा प्रयोग’ होता. विमान येणार, ढगात काहीतरी सोडणार आणि पाऊस पडणार, एवढीच अपेक्षा. शास्त्रज्ञांपुढचा प्रश्न मात्र वेगळा होता. पाऊस पडला, तर तो आपल्यामुळे पडला हे कशावरून?

सोलापूरच का?

नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतात आणि सह्याद्रीवर चढताना त्यातले बरेचसे तिथेच रिते करतात. डोंगर ओलांडून पूर्वेला उतरणारी हवा तापते आणि कोरडी होते. महाबळेश्वरी जेवढा पाऊस पडतो, त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढा सोलापूरच्या वाट्याला येतो. यालाच पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. येथील माणसाला पावसाळ्यात एक दृश्य पाठ असते. दुपारी ढग भरून येतात, वारा सुटतो, अंगणातली वाळवणे आत घेतली जातात आणि ढग तसेच कोरडे पुढे निघून जातात. २०१८ साली हा प्रयोग सुरू असतानाचा पावसाळा असाच गेला आणि ऑक्टोबरअखेर राज्य सरकारला १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. त्यात सोलापूर जिल्ह्यातलेही तालुके होते.

ढग असूनही पाऊस का पडत नाही, याचे उत्तर जलकणांच्या आकारात आहे. ढगातला एक जलकण साधारण दहा-वीस मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहूनही बराच लहान असतो. एवढा हलका कण खाली पडत नाही, तरंगत राहतो. पावसाचा एक ठळक थेंब तयार व्हायला असे सुमारे दहा लाख जलकण एकत्र यावे लागतात. सगळे कण एकसारखे आणि बारीक असले, तर ते एकमेकांवर आदळत नाहीत. काही कण मोठे असले की ते जरा वेगाने खाली येतात, वाटेतल्या लहानग्यांना पोटात घेतात आणि वाढत जातात.

हे जलकण मुळात तयार होतात हवेत तरंगणाऱ्या धूळ, धूर, क्षार यांच्या कणांभोवती. हवेत असे कण फार झाले, तर उपलब्ध बाष्प अनेकांत वाटले जाते. प्रत्येकाच्या वाट्याला थोडे येते आणि सगळेच जलकण बारीक राहतात. पंगतीला माणसे दुप्पट आली आणि स्वयंपाक तेवढाच असला की जे होते, तेच ढगात होते. कोणाचेच पोट भरत नाही. चुली, वाहने, शेतात पेटवलेली पाचट यांचा धूर पावसाशी जोडला जातो तो असा.

पंखाखालचे लेसर, मागच्या कडेची नळकांडी

आता विमानांकडे वळू. दोन विमानांची कामे वेगवेगळी होती. एक होते उडती प्रयोगशाळा. अशा विमानाच्या पंखाखाली पाणतीरासारखी दिसणारी उपकरणे टांगलेली असतात. त्यातून लेसरचा किरण सोडलेला असतो. ढगातून जाताना जलकण या किरणासमोर आले की प्रकाश विखुरतो आणि त्यावरून प्रत्येक कणाचा आकार आणि संख्या कळते. दुसरे उपकरण मोठ्या थेंबांच्या सावल्यांची चित्रे टिपते. तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि हवा किती जोरात वर चढते आहे, हेही सतत मोजले जाते. प्रवाशांच्या खुर्च्यांच्या जागी यंत्रांच्या मांडण्या असतात आणि बाहेरची हवा नळीने आत घेऊन तिच्यातले धूलिकण मोजले जातात.

दुसरे विमान बीजारोपणाचे. त्याच्या पंखांच्या मागच्या कडेला नळकांडी बसवलेली असतात. त्यांना ‘फ्लेअर’ म्हणतात. वैमानिकाने कळ दाबली की नळकांडे पेटते, काही मिनिटे जळते आणि त्याच्या धुरातून कॅल्शियम क्लोराइडसारख्या क्षाराचे अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते, तसाच या क्षाराचाही बाष्प ओढून घेण्याचा गुण आहे. या कणांभोवती तयार होणारे जलकण आकाराने मोठे असतात आणि आदळत, मिसळत वाढण्याची साखळी लवकर सुरू होते.

नळकांडे कुठेही पेटवून चालत नाही. ढगाच्या तळाशी, जिथून हवा वर चढत असते, तिथेच ते पेटवावे लागते. मग वरचढ हवाच कणांना ढगाच्या पोटात नेते. ढगही वाढता, किमान किलोमीटरभर जाडीचा हवा. पूर्ण वाढलेल्या, गडगडणाऱ्या ढगाच्या वाट्याला वैमानिक जात नाहीत, कारण त्यातले हेलकावे, गारा आणि विजा विमानाला धोक्याच्या असतात. शिवाय त्याला मदतीची गरजही नसते.

विमानांना ढग दाखवण्याचे काम जमिनीवरून होत होते. सोलापूरजवळ केगाव येथील सिंहगड अभियांत्रिकी महाविद्यालयात संस्थेने आपले केंद्र थाटले होते. तिथे रडार होते आणि आसपास पर्जन्यमापकांचे जाळे पसरले होते. कोणता ढग वाढतो आहे, तो किती उंच गेला आणि त्याचा पाऊस नेमका कुठे पडला, हे सारे नोंदले जात होते.

न शिंपलेले ढग

या प्रयोगातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र कोणत्याही यंत्रात नव्हती. दोन पावसाळ्यांत पावणेतीनशेच्या आसपास योग्य ढग निवडले गेले. त्यापैकी सुमारे दीडशे ढगांत क्षार सोडला. उरलेले सव्वाशेच्या आसपास ढग तसेच सोडून दिले, फक्त त्यांची मोजमापे घेतली. कोणत्या ढगात सोडायचा आणि कोणत्यात नाही, हे शास्त्रज्ञांच्या पसंतीने नव्हे, तर चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यदृच्छेने ठरत होते.

दुष्काळी मुलखात, खाली शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसला असताना, चांगला भरलेला ढग मुद्दाम सोडून देणे हे निर्दयपणाचे वाटेल. पण नव्या औषधाची चाचणी घेतानाही हेच करावे लागते. निम्म्या रुग्णांना औषध आणि निम्म्यांना तशीच दिसणारी साधी गोळी दिली जाते. कारण अनेक रुग्ण औषधाविनाही बरे होतात. तसेच अनेक ढग आपल्या विमानाविनाही बरसतात. बीजारोपणासाठी आपण मुळात बरसण्याच्या बेतात आलेलेच ढग निवडतो. त्यामुळे विमान गेले आणि पाऊस आला, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. तुलनेला न शिंपलेले ढग असतील तरच फरक कळतो.

महाराष्ट्राने याआधी २००३ आणि २०१५ साली कृत्रिम पावसाचे प्रयत्न केले होते, २०१९ साली औरंगाबादहूनही विमाने उडाली. त्या मोहिमांचा हेतू दुष्काळात दिलासा देण्याचा होता, त्यामुळे ढग सोडून देण्याला तिथे जागा नव्हती. साहजिकच प्रत्येक वेळी ‘पाऊस पडला’ आणि ‘पैसा वाया गेला’ असे दोन पक्ष उभे राहिले आणि वाद तसाच राहिला.

हिशेब काय सांगतो?

सोलापूरच्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ साली अमेरिकन हवामानशास्त्र संस्थेच्या शोधपत्रिकेत प्रसिद्ध झाले. डॉ. तारा प्रभाकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या अभ्यासानुसार, बीजारोपणाच्या जागेपासून वाऱ्याच्या दिशेने असलेल्या शंभर चौरस किलोमीटर क्षेत्रात पाऊस सरासरी १८ टक्क्यांनी वाढला. काही ठिकाणी ही वाढ ४६ टक्क्यांपर्यंत गेली.

बातम्यांत हे आकडे झळकले. पण १८ टक्के वाढ म्हणजे सोलापूर जिल्ह्याचा वर्षाचा पाऊस १८ टक्क्यांनी वाढला, असे नव्हे. तुलना शिंपलेल्या आणि न शिंपलेल्या ढगांच्या पावसाची आहे. दोन वर्षांत त्या शंभर चौरस किलोमीटरांत मिळालेला जादा पाऊस होता ८.६७ मिलिमीटर. वळवाची एखादी चांगली सर याहून अधिक देऊन जाते. पाण्याच्या भाषेत हे ८६ कोटी ७० लाख लिटर होतात. आकडा मोठा वाटतो, पण एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. त्या मापाने हे पाणी टीएमसीच्या तीन टक्क्यांएवढे आणि उजनीची एकूण क्षमता आहे ११७ टीएमसी. मोकाट पाणी देऊन ऊस घेतला तर हेक्टरी वर्षाला दोन कोटी लिटरच्या आसपास पाणी लागते. त्या हिशेबाने हे पाणी चाळीसेक हेक्टर उसाला पुरेल.

खर्च लिटरमागे १८ पैसे आला. दहा हजार लिटरचा टँकर कल्पिला तर १,८०० रुपये. देशी विमाने वापरली तर हा खर्च निम्म्याहून कमी होईल, असे शास्त्रज्ञ सांगतात. फक्त टँकर दारात येतो. हा पाऊस मात्र वारा नेईल त्या शिवारात पडतो, त्यातला काही मुरतो, काही उडून जातो. उभ्या पिकाला ऐन गरजेच्या वेळी मिळालेल्या दहा मिलिमीटरांचे मोल मोठे असू शकते, हेही खरे.

शंका आणि मर्यादा

दुष्काळी भागात एक शंका नेहमी ऐकू येते की, विमान पाऊस पाडत नाही, ढग पळवून लावते. सोलापूरच्या मोजमापांत तसे दिसले नाही, पाऊस वाढल्याचेच दिसले. एक किलोमीटर लांब, रुंद आणि उंच ढगातही काहीशे टन पाणी असते. किलोभर वजनाच्या काही नळकांड्यांनी ते नाहीसे होत नाही. क्षाराने पिकाला किंवा पिण्याच्या पाण्याला अपाय होईल का, असेही विचारले जाते. एवढा थोडा क्षार अनेक चौरस किलोमीटरांत विखुरतो, तेव्हा त्याचे प्रमाण नगण्य उरते. मात्र अशी मोहीम वर्षानुवर्षे चालणार असेल, तर पाण्याचे नमुने तपासत राहणे हाच शहाणपणा.

मोठी मर्यादा वेगळीच आहे. विमान ढग निर्माण करू शकत नाही. आभाळ आठवडेच्या आठवडे निरभ्र असते तेव्हा, म्हणजे नेमके दुष्काळ सर्वांत तीव्र असताना, ते धावपट्टीवर उभेच राहते. शिवाय एका ठिकाणचे उत्तर दुसरीकडे लागू पडेलच असे नाही. इस्रायलने अनेक दशके बीजारोपण केले, पण पुन्हा यदृच्छ पद्धतीने प्रयोग केला तेव्हा फरक नगण्य निघाला आणि तो कार्यक्रम थांबवण्यात आला. मोजायची तयारी ठेवली म्हणूनच हे त्यांना कळले. केवळ ढगांच्या बीजारोपणावर दुष्काळ हटणार नाही, असे सोलापूरचे शास्त्रज्ञही सांगतात. पाण्याच्या गरजेचा थोडा भाग भागवणारा तो एक उपाय आहे. बंधारे, शेततळी, ठिबक आणि पीकपद्धती हे विषय त्याने संपत नाहीत.

पुढच्या कोरड्या पावसाळ्यात कृत्रिम पावसाची मागणी पुन्हा होईल, विमानेही येतील. तेव्हा नळकांडी किती उडवली, हा आकडा ठळकपणे सांगितला जाईल. नागरिकांनी विचारायला हवेत ते तीन साधे प्रश्न असे. तुलनेसाठी किती ढग न शिंपता सोडले? जमिनीवर पाऊस मोजायला किती पर्जन्यमापक होते? आणि हाती आलेले आकडे, अनुकूल असोत वा प्रतिकूल, सर्वांसमोर ठेवणार का? या प्रश्नांची उत्तरे मिळणार असतील, तर त्या विमानावर खर्च झालेला पैसा पाऊस कमी पडला तरी वाया जाणार नाही.