जुन्या संगणकाचा नवा उपयोग

शाळेच्या कपाटात पडून असलेला प्रत्येक संगणक निकामी झालेला असतोच असे नाही. नवे कार्यक्रम त्यास पेलवत नसले, तरी एखादे साधे काम तो नेटकेपणे करू शकतो. एकच इंटरनेट जोडणी अनेक संगणकांस वाटून देणे हे असेच एक काम होय. ते करणाऱ्या यंत्रास राउटर म्हणतात.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने मुंबईसह काही शहरांत इंटरनेट सेवा जनतेस खुली केली. पुढे अंधेरी, बोरिवली, मुलुंड आदी उपनगरांत केबलचालक गच्चीवरून तार आणून घरोघर जोडणी देऊ लागले. ही जोडणी बहुधा एकाच संगणकापुरती असे. तेव्हा एका संगणकात दोन नेटवर्क कार्डे बसवून तीच जोडणी दुसऱ्यास देण्याची युक्ती जाणकार योजीत. १९९९ मध्ये आलेल्या विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत तर ही सोय मुळातच होती.

यामागील तत्त्व शिक्षकांस सहज उमगेल. शाळेच्या एकाच पत्त्यावर आलेली पत्रे मुख्याध्यापक ज्याची त्यास पोचवितात. त्याचप्रमाणे बाहेरच्या जगास एकच पत्ता दिसतो. आत मात्र प्रत्येक संगणकास १९२.१६८.१.२ असा निराळा खासगी पत्ता असतो. कोणी काय मागविले याची नोंद ठेवून राउटर उत्तर त्यालाच देतो.

कृती अशी: दोन कार्डांपैकी एक मोडेमला व दुसरे स्विचला जोडावे. त्यानंतर ओपनडब्ल्यूआरटी ही विनामूल्य प्रणाली संगणकावर घालावी. तत्पूर्वी जुनी माहिती अन्यत्र उतरवून घ्यावी, कारण ती पुसली जाते. शेवटी परवलीचा शब्द ठेवण्यास विसरू नये.

तथापि खर्चाचा हिशेब आधी मांडावा. ६० वॅटचा संगणक रोज ६ तास चालल्यास २५ दिवसांत ९ युनिट वीज लागते. १० वॅटच्या छोट्या राउटरला दीड युनिट पुरते. म्हणून छोटा राउटर उपलब्ध असेल तेथे तोच वापरावा. तो नसेल तेथे, तसेच मुलांना जाळ्याची रचना प्रत्यक्ष दाखविण्यासाठी, जुना संगणक उपयोगी पडेल.

संगणक उघडण्यापूर्वी जडसंग्रह नोंदवहीतील नोंद पाहून मुख्याध्यापकांची अनुमती घ्यावी. जो खरोखरच निकामी ठरेल, तो रीतसर निर्लेखनानंतर अधिकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच द्यावा. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले आहेत. भंगारात जाळलेल्या तारांचा धूर अखेर कोणाच्या तरी मुलांच्याच छातीत जातो.