खानावळीच्या वहीतलं भांडवल

मुळशी पेट्यातली भातखाचरं टाटांच्या धरणाखाली गेली. १६ एप्रिल १९२१ रोजी त्याविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला, पुढे सेनापती बापटांनी तो लढवला, बायकाही तुरुंगात गेल्या. तरी धरण झालंच. मुळशी-मावळातली तरणी माणसं पोटासाठी आधीपासूनच मुंबईला जात होती. आता तर मुंबईवाचून अनेकांना गत्यंतरच उरलं नाही. कुणी गिरणीत लागला, कुणी गोदीत, कुणी डबे पोचवू लागला. बायकापोरं गावीच. मग या एकट्या पुरुषांना जेवू घालायचं कुणी?

मुंबईच्या गिरणगावात ते काम खानावळवाल्या बाईने केलं. चाळीतली एकच खोली, कोपऱ्यात मोरी. पहिल्या पाळीची माणसं सकाळी सातला गिरणीत हजर हवीत, म्हणून स्टोव्ह पहाटेच पेटायचा. पहिली पंगत उठते न उठते तोच रातपाळीवाले जेवायला यायचे. पैसे पगार झाल्यावर, तोवर वाण्याची उधारी. जेवणाऱ्याचा खाडा पडला की तेवढे पैसे वजा. कुणी बिल बुडवून गावी निघून गेला तर तो तोटाही तिचाच. अडीअडचणीला सावकार होताच, दागिना गहाण ठेवून घ्यायला. भांडवल, उधारी, वसुली, जोखीम असं धंद्याचं सगळं तिथे होतं. त्यावर मुलं शिकली, घरं चालली. तरी घरी कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं: "ती काही करत नाही, घरीच असते."

या बायकांना व्यावसायिक म्हणून बँकेच्या दारात उभं केलं ते प्रेमाताई पुरव यांनी. १९३५ साली जन्मलेल्या प्रेमाताई मूळच्या गोव्याच्या. गोवा मुक्तिसंग्रामात त्यांच्या पायाला गोळी लागली होती. मुंबईत त्या कामगार चळवळीत आल्या. बँक कर्मचाऱ्यांचे नेते दादा पुरव हे त्यांचे पती. १९७३-७४चा गिरणी संप ४२ दिवस चालला, तेव्हा संपकऱ्यांना उधारीवर जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या स्वतःच कर्जात रुतल्या. कामगारांच्या मागण्यांसाठी युनियन होती, यांच्यासाठी कुणीच नव्हतं. चळवळीतल्या बाईला ही गोष्ट खुपली, यातच त्यांचं मोठेपण मला दिसतं.

१९७५ मध्ये चौदा जणींना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. गरिबांना ४ टक्के व्याजाने कर्ज देण्याची सरकारी योजना तेव्हा होती, पण या बायकांकडे तारण कुठलं? त्या एकमेकींना जामीन राहिल्या. बँक ऑफ बडोदाने दरडोई १५०० रुपये दिले. सावकाराऐवजी बँकेचा हप्ता सुरू झाला, कागदावर स्वतःची सही आली. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला आणि खानावळींचे जेवणारेच पांगले. तेव्हा मंडळाने बाहेरच्या स्वयंपाकाच्या ऑर्डरी घेऊन बायकांच्या हाताला काम दिलं.

प्रेमाताईंची लेक मेधा सामंत यांनी बँकेतली नोकरी सोडली आणि १९९३ मध्ये पुण्यात भाजीवाल्या, फेरीवाल्या बायकांना छोटी कर्जं द्यायला सुरुवात केली. तेच पुढे अन्नपूर्णा परिवार झालं. त्यात विमा आला, कामावर जाणाऱ्या आयांच्या मुलांसाठी पाळणाघरंही आली. आईने ज्या बायकांच्या धंद्याला पत मिळवून दिली, त्यांच्यासारख्याच बायकांच्या आजारपणाचा आणि लेकरांचाही विचार लेकीने केला.

२००२ मध्ये प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली. २०२४ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या नावाबरोबर त्या पहिल्या चौदा जणींची नावंही छापली जावीत, असं मला फार वाटतं. एकमेकींना जामीन राहण्याची हिंमत त्यांनी दाखवली होती.