हजेरीपट जपून ठेवा!

मुलामुलींनो, एक साधा प्रश्न विचारते. दहावीचा शेवटचा पेपर झाला, शेवटची घंटा झाली, फळ्यावरचा पट पुसला गेला. आता सांगा पाहू, तुमचा वर्ग गेला कुठे?

"कुठे म्हणजे? संपला!" असं तुम्ही म्हणाल. कुणी अंबडला अकरावीला गेलं, कुणी जालन्याला आयटीआयला, कुणी पुण्याला मामाकडे, तर कुणी आईवडिलांबरोबर ऊसतोडीला. जूनमध्ये त्याच बाकांवर दुसरीच मुलं येऊन बसली.

पण वर्ग असा संपत नाही बरं का! तो फक्त पांगतो. ज्वारी पेरताना दाणे सगळ्या वावरात जातात ना, तसा. आणि मोठं संकट आलं की हाच पांगलेला वर्ग किती कामाला येतो, याच्या काही खऱ्या गोष्टी आज तुम्हाला सांगायच्या आहेत.

सुरुवात आपल्या जालना जिल्ह्यापासूनच करू. ही गोष्ट ऐकायला जड आहे, पण तुम्ही आता मोठे आहात.

रुळावरून चाललेली माणसं

२०२० साल आठवतं? तुमच्यातली काही तेव्हा बालवाडीत असतील, काही प्राथमिक शाळेत. मार्चच्या शेवटी कोरोनामुळे देशभर लॉकडाऊन झाला. शाळा बंद, एसटी बंद, रेल्वे बंद. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत दूरदूरच्या राज्यांतले मजूर काम करतात. त्यांचं काम थांबलं, मजुरी थांबली. गावाकडे जावं, तर जायचं कसं?

मध्य प्रदेशातले असे वीस मजूर मे महिन्यात जालन्याहून पायी निघाले. मजुरांसाठीच्या खास गाड्या तेव्हा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. भुसावळला गेलो तर गाडी मिळेल, अशी त्यांना आशा होती. रेल्वे बंद आहे असं समजून ते रुळांच्या कडेने चालत राहिले. करमाडच्या जवळ थकून रुळांवरच टेकले आणि तिथेच झोप लागली. ८ मे २०२० च्या पहाटे मालगाडी आली. सोळा जण गेले.

ही बातमी वाचली तेव्हा माझ्या मनात आलं, जालन्यापासून करमाडपर्यंतच्या वाटेवर किती गावं आहेत, किती शाळा आहेत! पण त्या माणसांना ओळखणारं एकही घर त्या वाटेवर नव्हतं. "भाऊ, इथं थांबा, रुळावर जाऊ नका, मी फोन करून विचारतो," असं सांगणारं कुणी भेटलं नाही. संकटात पैसा लागतो, अन्न लागतं, हे खरंच. पण त्याच्याही आधी लागते ओळख.

विमानाने गेलेले मजूर

आता दुसरी गोष्ट. याच महिन्यातली, फक्त वीस दिवसांनंतरची.

मुंबईत झारखंडचे मजूर असेच अडकून पडले होते. बंगळूरला नॅशनल लॉ स्कूल नावाचं कायद्याचं महाविद्यालय आहे. तिथे शिकलेले माजी विद्यार्थी वकील होऊन देशभर, जगभर पांगलेले. त्यांच्यातल्या काहींना या मजुरांची अडचण कळली. त्यांनी आपल्या जुन्या सोबत्यांना हाक दिली, वर्गणी गोळा केली आणि एक अख्खं विमानच ठरवलं! २५ मे रोजी देशातली विमानं पुन्हा उडायला लागली होती. २८ मे २०२० च्या सकाळी पावणेदोनशेच्या आसपास मजूर मुंबईहून रांचीला विमानाने पोचले. त्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात पहिल्यांदाच विमानात पाय ठेवला होता. त्यानंतर अशी आणखीही विमानं गेली.

तुम्ही म्हणाल, "त्यात काय? त्यांच्याकडे पैसे होते!" थांबा. वही काढा आणि यादी करा बघू. या कामाला काय काय लागलं असेल? कोणते मजूर, किती, कुठे राहतात, याची नावानिशी यादी. दोन राज्यांच्या सरकारांची परवानगी. विमान कंपनीशी बोलणी. पहाटे विमानतळापर्यंत न्यायची सोय. मास्क, खाणं, उतरल्यावर पुढे गावापर्यंतचा प्रवास.

यातलं एकही काम नुसत्या पैशाने होत नाही. मजूर कुठे आहेत हे स्थानिक स्वयंसेवी संस्थांना ठाऊक होतं, कारण त्या आधीपासून त्यांच्यात काम करत होत्या. माजी विद्यार्थ्यांनी त्यांची मदत घेतली. आणि एकाच कॉलेजात वाढलेल्या माणसांना एकमेकांवर भरवसा ठेवायला वेळ लागला नाही. अनोळखी माणसाने दहा हजार मागितले तर आपण दहा वेळा विचार करू. पण ज्याच्या डब्यातली भाकरी आपण खाल्ली, त्याने मागितले तर?

जुना विद्यार्थी आणि नवी चाळणी

तिसरी गोष्ट विज्ञानाची आहे. लक्ष देऊन वाचा हं!

२०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाची दुसरी लाट आली. दवाखान्यांत ऑक्सिजन पुरेना. गावोगाव लोक सिलिंडरसाठी धावत होते. आता गंमत अशी, की ऑक्सिजन तर आपल्या भोवतीच्या हवेत असतोच. हवेच्या शंभर भागांत साधारण ७८ भाग नायट्रोजन आणि २१ भाग ऑक्सिजन. प्रश्न होता तो वेगळा काढायचा.

अनेक कारखान्यांत हवेतून नायट्रोजन वेगळा काढणारी यंत्रं असतात. त्यांत कार्बनची एक सूक्ष्म चाळणी असते. ती ऑक्सिजनला धरून ठेवते आणि नायट्रोजनला पुढे सोडते. मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक मिलिंद अत्रे यांच्या गटाने विचार केला, की चाळणीच बदलली तर? कार्बनच्या जागी झिओलाइट नावाचा पदार्थ घातला, तर तो नायट्रोजनला धरतो आणि ऑक्सिजनला पुढे सोडतो. म्हणजे तेच यंत्र उलटं काम करणार!

पण कल्पना सुचणं वेगळं आणि यंत्र उभं करणं वेगळं. या कामात आयआयटीबरोबर टाटा कन्सल्टिंग इंजिनिअर्स आणि स्पॅनटेक इंजिनिअर्स या दोन कंपन्या होत्या. स्पॅनटेकचे प्रमुख राज मोहन हे त्याच आयआयटीचे माजी विद्यार्थी. तीन दिवसांत यंत्र तयार झालं, आणि त्यातून ९३ ते ९६ टक्के शुद्ध ऑक्सिजन मिळू लागला.

म्हणजे बघा, लॉ स्कूलवाल्यांनी पैसा आणि ओळखी दिल्या; इथे एका माजी विद्यार्थ्याने आपला कारखाना आणि कसब दिलं. माजी विद्यार्थी म्हणजे नुसतं देणगीचं पाकीट नव्हे!

मोबाइल नव्हता तेव्हा

"पण बाई, यांच्याकडे मोबाइल होते, इंटरनेट होतं!" बरोबर. म्हणून आता त्याआधीच्या काळात, आपल्याच मराठवाड्यात जाऊ.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालेलं. पहाटे चारच्या सुमाराला लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, किल्लारीच्या परिसरात, भूकंप झाला. मातीच्या-दगडांच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. हजारो माणसं गेली. घरी आजी-आजोबांना विचारा, त्या पहाटेची आठवण ते सांगतील.

औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना काही विद्यार्थ्यांनी 'हॅलो' नावाचा गट केला होता. डॉक्टर झाल्यावर गावाकडे जाऊन काम करायचं, असं त्यांच्या मनात होतं. त्यातले डॉ. शशिकांत अहंकारी आणि त्यांचे सोबती तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला आले. भूकंप झाला तेव्हा हे डॉक्टर त्याच जिल्ह्यात होते, म्हणून मदतीला लगेच उतरता आलं. गावातल्याच बायकांना प्राथमिक उपचार शिकवून त्यांनी 'भारतवैद्य' तयार केल्या. आहे की नाही छान नाव?

पुण्याहून ज्ञानप्रबोधिनीचे आजी-माजी विद्यार्थी आणि कार्यकर्तेही भूकंपाच्या भागात आले. ढिगारे उपसून झाले, मदतीचे ट्रक परत गेले, वर्तमानपत्रांतल्या बातम्याही थांबल्या. पण ही मंडळी थांबली. लोहारा तालुक्यातल्या हराळी गावी त्यांनी मुलांसाठी निवासी शाळा उभी केली. तीस वर्षं होऊन गेली, ती शाळा मराठवाड्यातल्या मुलांना शिकवते आहे.

मदत करायचीही रीत असते

या सगळ्या गोष्टींत काही समान धागे दिसतात का? मला दिसले ते सांगते.

पहिला धागा: आधी विचारा, मग पाठवा. कुठेही आपत्ती आली की जुन्या कपड्यांचे ढीग हमखास येऊन पडतात. फाटके, आखूड, कुणालाच न होणारे. ते उचलायलाच माणसं लागतात! म्हणून तिथल्या माणसाला विचारायचं, "तुम्हाला नेमकं काय हवंय?"

दुसरा: जी संस्था तिथे आधीपासून काम करते, तिच्या हाताखाली काम करायचं. आपण पाहुणे, ती घरची. तिला गल्ल्या माहीत असतात आणि कोणत्या घरात म्हातारं माणूस एकटं आहे, हेही माहीत असतं.

तिसरा: हिशेब चोख. रुपया आला कुठून, गेला कुठे, हे सगळ्यांना दिसलं पाहिजे. एकदा भरवसा गेला की पुढच्या वेळी हाक दिली तरी कुणी ओ देत नाही.

आणि चौथा: ही ओळख संकटाच्या आधी झालेली असते. आग लागल्यावर विहीर खणून चालत नाही.

तुमचा वर्ग कुणाकुणाचा?

आता मुद्द्याची गोष्ट. आयआयटी, लॉ स्कूल ही मोठी नावं. आपली जिल्हा परिषदेची शाळा. आपल्या वर्गातून कुठे एवढे वकील आणि कारखानदार निघणार?

अरे, पण नीट मोजून तर बघा! तुमच्या गावच्या शाळेत शिकलेलं कुणी फौजेत असेल, कुणी सरकारी दवाखान्यात नर्स असेल, कुणी टेम्पो चालवत असेल, कुणी विजेच्या खांबावर चढणारा वायरमन असेल, कुणी एमआयडीसीत फिटर असेल. रात्री दोन वाजता पेशंटला जालन्याला न्यायचं असेल, तर वकिलापेक्षा टेम्पोवाला जवळचा!

पण मला काळजी वाटते ती दुसऱ्याच मुलांची. आपल्याकडे दिवाळी झाली की वर्गातली काही बाकं रिकामी होतात. मंठा, परतूर, अंबड, घनसावंगी, कुठेही जा, कोयता घेऊन गाड्या निघतात आणि त्यांत आपले सोबतीही असतात. काही परत येतात, काहींची शाळा तिथेच सुटते. एखाद्या मैत्रिणीचं वयाआधीच लग्न लावून देतात. पटावरचं नाव कमी होतं. मग दहा वर्षांनी माजी विद्यार्थी मेळावा भरतो तेव्हा फेटे बांधलेले, नोकरीवाले सगळे येतात. सातवीत शाळा सुटलेल्या गोरखला कुणी निरोपच देत नाही. "तो कुठे दहावी पास झाला?" असं म्हणतात.

आणि संकट आलं की पहिल्यांदा अडकतो तो हाच गोरख! २०२० मध्ये ऊसतोड कामगार कारखान्यांच्या परिसरात, पालांमध्ये अडकून पडले होते. एप्रिलच्या मध्यावर सरकारने परवानगी दिली, तेव्हा कुठे ते गावाकडे निघू शकले. रुळांवरून चालत गेलेले ते वीस जणही अशाच कुणाच्या तरी गावचे, कुणाचे तरी शाळासोबती असतील.

विहिरीतून पाणी काढायचं तर दोर दोन्हीकडून पक्का लागतो. एक टोक ओढणाऱ्याच्या हातात, दुसरं टोक बादलीला. ज्यांना मदत करता येते तेवढ्यांचीच नावं लिहून ठेवली, तर बादलीकडचं टोक मोकळंच राहील ना? म्हणून जो वर्गात एक दिवस जरी बसला, तो आपल्या वर्गाचा. पास झालेला असो की नसो.

तर मग एक काम करा. शंभर पानी वही घ्या. पहिलीपासून आतापर्यंत तुमच्या वर्गात जे जे बसले, त्या सगळ्यांची नावं आठवून लिहा. नावापुढे तीन रकाने: सध्या कुठे आहे, काय छान येतं, आणि निरोप कुणाकडे द्यायचा. फोन नंबर बदलतात, म्हणून गावातच राहणाऱ्या आजीचं किंवा काकाचं घर लिहा. ही वही तुमच्या सरांकडे किंवा बाईंकडे ठेवा, वाटेल त्याच्या हातात देऊ नका. दर वर्षी २६ जानेवारीला झेंडावंदन झालं की ती उघडा आणि नवं काय ते भरा.

आणि सराव म्हणून मोठ्या संकटाची वाट कशाला बघायची? उन्हाळा लागला की आपल्याकडे पाण्याचा टँकर येतोच. तो आला की गल्लीतल्या एकट्या म्हातारीचा हंडा कोण भरणार, याची पाळी वर्गाने लावून घ्या.

आठवून आठवून एखादं नाव सापडत नसेल, तर शाळेतला जुना हजेरीपट बघायला मागा. कपाटात वरच्या खणात असतो. धूळ झटका, आणि कमी केलेल्या नावांवरून आधी बोट फिरवा.