ओळंबा चालला डोंगरावर!

मुलांनो, एक कोडं घालते. नाव खाऊचं, पण आत खाऊ नाही, असा घरातला डबा कोणता? नाही ओळखलंत? अहो, बिस्किटांचा तो जुना पत्र्याचा डबा! उघडून पाहिलं तर आत पक्कड, हातोडी, दोन-तीन पाने, स्क्रू ड्रायव्हर, टेस्टर, पॉलिश पेपरचा तुकडा, चिकटपट्टी, मेजर टेप आणि तळाशी गंजलेले खिळे! नळ गळायला लागला किंवा खुर्चीचा पाय हलायला लागला, की सगळ्यांना त्या डब्याची आठवण येते. काम झालं, की डबा पुन्हा माळ्यावर.

वर्गात मी कधी कधी विचारते, "हातोडी कशासाठी असते?" सगळे एका सुरात सांगतात, "खिळे ठोकायला!" मी विचारते, "आणखी कशासाठी?" मग मात्र वर्ग गप्प. एखादीच मुलगी हळूच म्हणते, "बाई, आमची आजी हातोडीनं सुंठ फोडते." सगळे खो खो हसतात. पण आजीचं अगदी बरोबर आहे! हातोडी हाताचा जोर एका जागी एकदम पोचवते. हा तिचा गुण. पुढे खिळा आहे की सुंठ, याचं तिला काय?

अवजाराचं नाव आपल्याला त्याचं एकच काम सांगतं. त्याचा गुण ओळखला, की दहा कामं सुचतात. चला, आज आपण डब्यातली काही अवजारं बाहेर काढू आणि त्यांचे गुण शोधू.

पॉलिश पेपर : बियांचं कुलूप उघडणारा

पॉलिश पेपरचा गुण घासण्याचा. सुतारकाका त्यानं लाकूड गुळगुळीत करतात. चित्रकलेच्या तासाला पेन्सिलीचं शिसं टोकदार करायलाही तो छान. खोडरबर काळं झालं असेल तर त्यावर दोनदा घासा, रबर पुन्हा स्वच्छ. कात्री थोडी बोथट झाली असेल, तर पॉलिश पेपरची खरखरीत बाजू बाहेर ठेवून घडी घाला आणि त्याच कात्रीनं आठ-दहा पट्ट्या कापा. कात्री बरीच सुधारते. अगदीच बोथट झालेली कात्री मात्र धार लावणाऱ्याकडेच न्यायला हवी.

पण पॉलिश पेपरचा सगळ्यात मजेदार उपयोग बागेत आहे. बहावा किंवा गुलमोहराच्या बिया कधी पेरून पाहिल्यात? महिने जातात, पण कोंब काही दिसत नाही. कारण या बियांचं कवच इतकं घट्ट असतं, की पाणी आत शिरतच नाही. जंगलात ऊन, पाऊस आणि प्राण्यांच्या पोटातले पाचकरस हे कवच हळूहळू झिजवतात. आपल्याकडे ते काम पॉलिश पेपर करतो.

प्रयोग असा करा. बहाव्याच्या दहा बिया घ्या. पाच बिया एका बाजूनं पॉलिश पेपरवर घासा. आतला फिकट रंग दिसू लागला की थांबा. शेंगेला जिथे बी चिकटलेली असते, ते टोक मात्र घासायचं नाही. उरलेल्या पाच बिया तशाच ठेवा. दोन वेगळ्या वाट्यांत पाणी घालून दोन्ही प्रकारच्या बिया रात्रभर भिजत ठेवा. सकाळी कोणत्या वाटीतल्या बिया टम्म फुगल्या आहेत ते पाहा, आणि दोन्ही पेरा. कोणत्या आधी उगवतात त्याची तारीखवार नोंद ठेवा. हात मात्र साबणानं धुवायला विसरू नका.

एक गोष्ट अगदी पक्की लक्षात ठेवा. हा प्रयोग गुंजेच्या लाल-काळ्या बियांवर कधीही करायचा नाही. गुंज अतिशय विषारी असते. तिचं टणक कवच ते विष आत कोंडून ठेवतं. कवच घासलं किंवा टोचलं, तर विषाला वाट मिळते.

स्क्रू ड्रायव्हर आणि मेजर टेप

जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक मिळाला तर त्याची एकच बाजू स्क्रू ड्रायव्हरच्या दांडीवरून मुठीकडून टोकाकडे, एकाच दिशेनं तीस-चाळीस वेळा फिरवा. परत येताना लोहचुंबक उचलून घ्यायचा. स्क्रू ड्रायव्हर स्वतःच चुंबक होतो! मग चष्म्याचा इवलासा स्क्रू हातातून निसटत नाही आणि सतरंजीत हरवलेली आईची सुईही सापडते. सुक्या नदीच्या वाळूतून हे टोक फिरवलंत, तर बऱ्याचदा बारीक काळे कण चिकटून येतात. ते लोखंडाच्या खनिजाचे असतात. बँकेची कार्डं आणि काट्याची घड्याळं यांच्यापासून लोहचुंबक लांब ठेवा म्हणजे झालं.

आता पोलादी मेजर टेप हातात घ्या. त्याच्या टोकाची आकडी थोडी हलते ना? "बाबा, टेप खराब निघाला!" असं म्हणू नका. ती मुद्दामच सैल ठेवलेली असते. टेबलाच्या कडेला आकडी अडकवून ओढली, की ती स्वतःच्या जाडीइतकी बाहेर सरकते. कपाटाच्या आत भिंतीला टेकवली, की तेवढीच आत सरकते. त्यामुळे बाहेरून मोजा नाहीतर आतून, माप बरोबरच येतं. पुष्कळ टेपच्या आकडीला मधोमध एक खाचही असते. अंगणात खिळा रोवा, त्यावर ती खाच अडकवा आणि टेपच्या दुसऱ्या बाजूला खडू धरून गोल फिरा. मोठ्या रांगोळीसाठी सुबक वर्तुळ तयार!

ओळंब्याचं घड्याळ

ओळंबा सगळ्यांच्या घरी नसेल, पण गवंडीकाकांच्या पिशवीत हमखास असतो. दोरीला लावलेलं पितळी किंवा लोखंडी वजन, आणि सोबत त्या वजनाच्याच रुंदीची एक पट्टी. काका पट्टी भिंतीला वर टेकवतात आणि वजन खाली सोडतात. वजन भिंतीला जेमतेम टेकलं, तर भिंत सरळ. पृथ्वी वजनाला थेट खाली ओढते, म्हणून दोरी नेहमी सरळ उभी राहते. हाच ओळंब्याचा गुण. आपण दोरीला दगड किंवा मोठा नट बांधला, तरी ओळंबा तयार होतो.

आता हा ओळंबा खिळ्याला टांगा. खिळ्यापासून वजनाच्या मध्यापर्यंत बरोबर १ मीटर अंतर ठेवा. वजन थोडंसंच बाजूला घेऊन सोडा. ते जाऊन परत आलं, की एक हेलकावा. घड्याळ लावून मोजा. एका मिनिटात जवळजवळ ३० हेलकावे होतात, म्हणजे एका हेलकाव्याला दोन सेकंद! दोरी पाव मीटर केली, तर एक हेलकावा एका सेकंदाचा होतो. वजन जड घ्या नाहीतर हलकं, फरक पडत नाही. फरक पडतो तो दोरीच्या लांबीनं. गॅलिलिओनं हेलकाव्यांचा अभ्यास केला आणि पुढे ख्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञानं १६५६ साली लंबकाचं घड्याळ बनवलं. आपल्या आजोबांच्या काळी भिंतीवर टोले देणारी जी घड्याळं होती, ती त्याचीच नातवंडं.

आणि ओळंबा डोंगरावर गेला

घड्याळ झालं. पण याच ओळंब्यानं आपल्या महाराष्ट्रात याहून मोठं काम केलंय.

पावसाळ्यात डोंगरावरचं पाणी धावत खाली जातं. जाताना माती घेऊन जातं, आणि उन्हाळ्यात गावाला टँकरची वाट पाहावी लागते. यावर उपाय म्हणजे डोंगरउतारावर आडवे चर खणायचे. पाणी चरात थांबतं आणि जमिनीत मुरतं. पण चर अगदी एका पातळीत हवा. एक टोक जरी खाली गेलं, तर सगळं पाणी तिकडे धावतं, चर फुटतो आणि गावकऱ्यांची मेहनत वाया जाते. डोळ्यांना ही पातळी कळत नाही. मग ती शोधायची कशी? ओळंब्यानं!

सारख्या लांबीच्या दोन काठ्या घ्या. वरची टोकं एकत्र बांधा आणि खालची फाकवा. मध्ये एक आडवी काठी बांधा. इंग्रजी 'ए' अक्षरासारखा आकार होतो, म्हणून याला 'ए फ्रेम' म्हणतात. वरच्या टोकाला ओळंबा बांधा. त्याची दोरी आडव्या काठीच्या खालपर्यंत लोंबली पाहिजे. आता चौकट जमिनीवर उभी करा. तिचे दोन्ही पाय जिथे टेकले, तिथे जमिनीवर खुणा करा. दोरी आडव्या काठीवर जिथे आली, तिथेही खूण करा. मग चौकट उलट फिरवून डावा पाय उजव्याच्या खुणेवर आणि उजवा डाव्याच्या खुणेवर ठेवा आणि दोरीची दुसरी खूण करा. दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये तिसरी खूण करा. दोरी या मधल्या खुणेवर आली, की दोन्ही पाय एका पातळीत आहेत असं समजा.

आता उतारावर जायचं. एक पाय तिथेच ठेवायचा आणि दुसरा पाय वर-खाली सरकवत दोरी मधल्या खुणेवर आणायची. तिथे फक्कीनं ठिपका करायचा. मग त्या पायाभोवती चौकट फिरवून पुढचा ठिपका. ठिपके जोडले, की समतल रेषा मिळते. तिच्यावर चर खणायचा.

गवंडीकाकांची पाण्याची पारदर्शक नळीही अशीच डोंगरावर गेली. नळीतलं पाणी दोन्ही टोकांना एकाच पातळीत राहतं. दोन मोजपट्ट्यांना अशी नळी बांधली, की 'हायड्रोमार्कर' तयार होतो. दोन्हीकडे पाणी सारख्याच आकड्यावर आलं, की त्या दोन जागा एका पातळीत. नळीत हवेचा बुडबुडा मात्र राहता कामा नये.

२०१६ साली वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत पहिली 'सत्यमेव जयते वॉटर कप' स्पर्धा झाली. पुढच्या वर्षांत ती आणखी तालुक्यांत गेली. त्या वेळी गावोगावच्या लोकांनी, बायाबापड्यांनी आणि तरुण मुलामुलींनी ए फ्रेम आणि हायड्रोमार्कर वापरून स्वतः पातळी काढली आणि श्रमदानानं चर खणले. भिंत सरळ बांधण्याची युक्ती पाणी अडवायला कामी आली!

चिकटपट्टी तर अवकाशात!

ओळंबा डोंगरावर गेला, तर चिकटपट्टी त्याहून कितीतरी उंच गेली. एप्रिल १९७० मध्ये अमेरिकेचं 'अपोलो १३' हे यान चंद्राकडे जात असताना त्याच्या प्राणवायूच्या टाकीचा स्फोट झाला. तिघे अंतराळवीर चंद्रावर उतरण्यासाठी नेलेल्या छोट्या यानात आले. ते दोघांसाठी बनवलेलं होतं. तिघांच्या श्वासामुळे आतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड वाढू लागला. तो शोषून घेणारे जास्तीचे डबे मुख्य यानात होते, पण ते चौकोनी, आणि छोट्या यानातली जागा गोल! जमिनीवरच्या इंजिनिअरांनी यानात असलेल्याच वस्तू घेऊन जोडणी शोधली. प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुस्तिकेचे पुठ्ठे, अंतराळवीरांच्या पोशाखाच्या नळ्या आणि रुंद, राखाडी चिकटपट्टी! कृती रेडिओवरून सांगितली गेली, अंतराळवीरांनी ती केली आणि हवा शुद्ध होऊ लागली. १७ एप्रिलला तिघेही सुखरूप पृथ्वीवर परतले.

हे मात्र नको हं!

आता तुम्ही म्हणाल, "मग काय, कोणतंही अवजार कशालाही वापरायचं!" थांबा. गुणाबरोबर अवजाराची खोडही माहीत हवी.

टेस्टरनं स्क्रू पिळायचे नाहीत. त्याच्या मुठीत एक रोधक असतो. तोच विजेचा झटका आपल्यापर्यंत येऊ देत नाही. पिळून मूठ तडकली, तर घात होऊ शकतो. आणि विजेचं काम मोठ्यांचंच, तुमचं नाही.

कानशीनं डब्याचं झाकण उचकटायचं नाही. ती कडक पण ठिसूळ असते, कटकन मोडते आणि तुकडा उडतो. हातोडीवर हातोडी आपटायची नाही, पोलादाची कपची डोळ्यात जाऊ शकते. स्क्रू ड्रायव्हरनं झाकण उघडताना डबा हातात न धरता जमिनीवर ठेवा, नाहीतर तो सटकून तळहातात घुसतो. बारीक खिळा ठोकताना बोटांऐवजी कंगव्याच्या दातांत नाहीतर कपड्याच्या चिमट्यात धरा. तुमचं बोट वाचेल.

म्हणून नवीन उपयोग करण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. याचा गुण काय? यानं अवजार बिघडेल का? मला किंवा दुसऱ्याला इजा होईल का? तिसऱ्याचं उत्तर "माहीत नाही" असेल, तर आधी मोठ्यांना विचारा.

पालकहो, आता थोडं तुमच्याशी. "हात लावू नकोस, लागेल!" हे आपल्या तोंडी पटकन येतं. ते काळजीपोटीच असतं. पण पक्कड कशी धरायची हे शेजारी बसून शिकवलं, तर मूल ती लपूनछपून घेणार नाही. रविवारी अर्धा तास हा डबा मुलांसोबत उघडा. मुलासोबत उघडा, तसाच मुलीसोबतही. खुर्चीचा सैल स्क्रू तिला आवळू द्या. ती खुर्ची नंतर कितीतरी दिवस ऐटीत वापरेल!

आणि मुलांनो, तुम्हाला गृहपाठ. डब्यातलं कोणतंही एक अवजार निवडा. वहीत त्याचं नाव, गुण आणि खोड लिहा. मग त्याचा एक नवा उपयोग शोधा आणि घरी विचारून करून पाहा. काम झाल्यावर अवजार पुसून जागच्या जागी ठेवा बरं का! नाहीतर पुढच्या वेळी पक्कड सापडायची नाही आणि बोलणी मात्र तुम्हालाच बसतील!