हट्टी बोल्ट, यांत्रिक पाना आणि मापाची शिस्त

मुदखेड येथे मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गाला आदिलाबादकडे जाणारा फाटा फुटतो. स्थानकाबाहेर पडताच ऊस, केळी आणि हळदीची शिवारे लागतात. रुळांचे सांधे आणि शेतातील अवजारे यांच्यात वरवर साम्य दिसत नाही. परंतु दोहोंचीही सुरक्षितता अखेर बोल्टांवर अवलंबून असते.

ट्रॅक्टरमागे चालणाऱ्या रोटाव्हेटरचे उदाहरण घ्यावे. त्याची वाकडी पाती दोन-दोन बोल्टांनी बसविलेली असतात. ती झिजली की बदलावी लागतात. काळ्या मातीच्या चिखलात हंगामभर राहिलेला बोल्ट मात्र सहजासहजी सुटत नाही. मग पान्यावर लांब पाईप चढविला जातो, घण घातला जातो. पाना निसटून बोटे ठेचतात, नटाचे कोपरे गोल होतात किंवा बोल्ट मधूनच तुटतो. बॅटरीवर किंवा हवेच्या दाबावर चालणारा यांत्रिक पाना, म्हणजे कारागीर ज्यास ‘गन’ म्हणतात तो, अशा वेळी उपयोगी पडतो. मात्र त्याच्या वापरास शिस्त हवी.

बोल्ट का अडतो?

लोखंड गंजले की गंजाचे आकारमान मूळ धातूपेक्षा वाढते. नट आणि बोल्टच्या आट्यांमधील सूक्ष्म जागा त्याने भरून जाते व दोन्ही भाग एकमेकांस जखडतात. सतत वाढणाऱ्या एकसारख्या जोराने हे बंधन मोडण्याआधी बोल्टच पिळवटून तुटण्याचा संभव असतो. छोट्या-छोट्या धक्क्यांनी मात्र गंजाचा थर भेगाळतो.

यांत्रिक पाना नेमके हेच करतो. त्याच्या आत मोटरीने फिरणारी हातोडी असते. नट अडला की ती मागे सरकते आणि पुन्हा वेगाने आदळते. मिनिटाला एक-दोन हजारांहून अधिक असे ठोके बसतात. त्यामुळे नटाला मोठा पीळ मिळतो, पण धरणाऱ्याच्या मनगटावर त्या मानाने थोडाच भार येतो.

सोडविण्याचा क्रम

प्रथम ट्रॅक्टरचे इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी. अवजार केवळ हायड्रॉलिकच्या भरवशावर उचललेले ठेवू नये. खाली भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत. तारेच्या ब्रशाने आटे स्वच्छ करून गंज सोडविणारे तेल घालावे आणि ते मुरण्यास पुरेसा वेळ द्यावा. नंतर नटावर नीट बसणारे, जाड भिंतीचे, ठोक्यांसाठीच बनविलेले सॉकेट लावावे. हातपान्याची चकाकती सॉकेटे गनवर तडकू शकतात. डोळ्यांवर चष्मा अवश्य असावा.

आट्यांची दिशाही पाहून घ्यावी. काही जुन्या मालमोटारींच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात. तेथे नेहमीच्या दिशेने गन चालविल्यास नट सुटण्याऐवजी अधिकच आवळला जातो. एकदम पूर्ण जोर न देता थोडे सोडवावे, थोडे आवळावे, पुन्हा सोडवावे.

तरीही नट न हलल्यास तो तापविता येतो. २० मिलिमीटरचा पोलादी नट २०० अंशांनी तापविल्यास सुमारे ०.०५ मिलिमीटरने प्रसरण पावतो आणि तेवढ्यानेही पकड ढिली होते. मात्र आधी घातलेले तेल पुसून घ्यावे. टायर, हायड्रॉलिक नळ्या वा इंधन यांच्याजवळ ज्योत मुळीच नेऊ नये. तापविलेला बोल्ट पुन्हा वापरू नये, कारण त्याची मजबुती कमी झालेली असू शकते.

आवळण्याचे माप

खरा धोका यापुढे आहे. अर्धा मीटर लांबीच्या पान्यावर २० किलोचा भार दिला तर सुमारे १०० न्यूटन-मीटर पीळ मिळतो. १६ मिलिमीटरच्या ८.८ दर्जाच्या बोल्टला साधारण २०० न्यूटन-मीटर पुरतात. मोठी गन मात्र १००० न्यूटन-मीटरपेक्षाही अधिक पीळ देऊ शकते. काही क्षण ती अधिक चालली की बोल्ट ताणला जातो. वरून तो घट्ट भासतो, पण कामाच्या भरात तुटतो; आणि फिरत्या रोटाव्हेटरचे सुटलेले पाते जवळच्या माणसाच्या जिवावर बेतू शकते.

शिवाय दिलेल्या जोरापैकी ढोबळमानाने दहातील नऊ भाग घर्षणातच खर्च होतात; बोल्टला ताणण्यास जेमतेम एक भाग उरतो. आट्यांना तेल लागले की घर्षण घटते आणि तेवढ्याच जोरात ताण वाढतो. म्हणून बोल्ट हाताने आट्यांत लावावा आणि गनने केवळ बैठकीपर्यंत न्यावा. शेवटची आवळणी टॉर्क रेंचने, निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानेच करावी. थोडा वेळ काम झाल्यावर बोल्ट पुन्हा तपासावेत.

लोहमार्गाचा धडा

ही शिस्त रेल्वेने फार पूर्वीपासून बाणविली आहे. उन्हाने रूळ लांबतो. सांध्याचे बोल्ट ढिले राहून चालत नाही, तसेच रुळाची हालचाल रोखतील इतके आवळूनही चालत नाही. म्हणून आतले दोन बोल्ट आधी व बाहेरचे नंतर, असा आवळणीचा क्रम असतो. सांध्यांना वर्षातून एकदा, ऑक्टोबर ते फेब्रुवारी या थंड काळात वंगण दिले जाते. वेळच्या वेळी वंगण मिळालेला बोल्ट हट्टी होतच नाही.

गावपातळीवर याचे अनुकरण अवघड नाही. यांत्रिक पाना आणि टॉर्क रेंच प्रत्येक शेतकऱ्याने स्वतंत्र घेण्याची गरज नाही. अवजार बँक किंवा शेतकरी गट ती सामाईक ठेवू शकेल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांनी हंगामापूर्वी गावात तपासणीचा एक दिवस दिल्यास त्यांचेही शिक्षण होईल. गन खरेदी करताना पंचायतीने टॉर्क रेंचही त्याच यादीत घ्यावा. सोडविण्यास शक्ती लागते, आवळण्यास माप लागते. यांपैकी एकच साधन घेऊन काम पुरे होत नाही.