गांडुळाच्या तंतुकणिकीय जनुकसंचाचे क्रमनिर्धारण : स्वरूप, उपयोग आणि मर्यादा

प्रस्तावना
धामणगाव बढे (ता. मोताळा, जि. बुलढाणा) यांसारख्या ग्रामीण भागात 'गांडूळ' हा एकच शब्द अनेक भिन्न प्राण्यांसाठी वापरला जातो. गांडूळखतासाठी सोडले जाणारे आयसेनिया फेटिडा मूळचे युरोपातील, तर युड्रिलस युजेनी मूळचे आफ्रिकेतील आहे. ही दोन्ही कुजणाऱ्या सेंद्रिय पदार्थांत वाढतात. शेताच्या मातीत बिळे करणाऱ्या स्थानिक प्रजाती मात्र वेगळ्या असून त्यांची नेमकी ओळख पटविणे कठीण असते. या संदर्भात तंतुकणिकीय जनुकसंचाचे महत्त्व येथे विशद केले आहे.

जनुकसंचाचे स्वरूप
तंतुकणिकेत केंद्रकाबाहेरील स्वतंत्र, वर्तुळाकार डीएनए असतो. पेशीत त्याच्या असंख्य प्रती असल्याने अल्प ऊतकातूनही तो मिळविता येतो. १९९५ साली बूर व ब्राऊन यांनी लुम्ब्रिकस टेरेस्ट्रिस या गांडुळाच्या १४,९९८ बेस जोड्यांचा संपूर्ण क्रम प्रसिद्ध केला. त्यात ३७ जनुके आढळली : प्रथिनांची १३, वाहक आरएनएची २२ आणि रायबोसोमल आरएनएची २. मानवी तंतुकणिकेत जनुके दोन्ही धाग्यांवर विभागलेली असतात. या गांडुळात ती सर्व एकाच धाग्यावर आहेत.

ओळखीसाठी उपयोग
पारंपरिक वर्गीकरण क्लायटेलमचे स्थान, जननछिद्रे व अंतर्गत इंद्रिये यांवर आधारलेले आहे. त्यामुळे क्लायटेलम न आलेली पिले किंवा कोश यांची ओळख पटत नाही. सीओआय या तंतुकणिकीय जनुकाचा सुमारे ६५८ बेस जोड्यांचा भाग ही उणीव भरून काढतो. २०१० साली याच पद्धतीच्या आधारे लुम्ब्रिकस टेरेस्ट्रिस या नावाखाली दोन प्रजाती एकत्र मोजल्या जात असल्याचे स्पष्ट झाले आणि लुम्ब्रिकस हर्क्युलिअस हे १८२६ मधील नाव पुन्हा प्रचारात आले. नात्यांचा सखोल अभ्यास करावयाचा असल्यास मात्र एक जनुक अपुरे पडते. तेथे संपूर्ण जनुकसंच उपयोगी ठरतो.

मर्यादा व दक्षता
क्रम कितीही अचूक असला, तरी त्याला जोडलेले नाव चुकीचे असेल तर ती चूक माहितीपेढीतून पुढील प्रत्येक अभ्यासात उतरते. म्हणून क्रमासोबत नमुनाही जतन होणे अनिवार्य आहे. प्राणिशास्त्र विभागांच्या संग्रहालयात गांडुळे बहुधा फॉर्मालिनमध्ये ठेवली जातात. फॉर्मालिनमुळे शरीररचना टिकते. परंतु डीएनए खंडित होतो व त्याचे प्रथिनांशी बंध तयार होतात. परिणामी अशा नमुन्यांतून संपूर्ण क्रम मिळविणे अत्यंत कठीण होते.

यावर सोपा उपाय आहे. गांडुळाच्या शेपटीकडील लहान तुकडा तीव्र इथेनॉलमध्ये ठेवावा आणि क्लायटेलमसह पुढील भाग ओळखीसाठी जतन करावा. दोहोंवर एकच क्रमांक, स्थळ, दिनांक व जमिनीचा प्रकार नोंदवावा. डीएनए वेगळा करताना आतड्यातील माती टाळावी. तिच्यातील ह्यूमिक द्रव्ये पीसीआर अभिक्रियेस अडथळा आणतात.

समारोप
क्रमनिर्धारणाची यंत्रणा ग्रामीण महाविद्यालयात नसली, तरी डीएनए काढून तो बाहेरील प्रयोगशाळेकडे पाठविता येतो. परंतु कोणत्या शेतातून, कोणत्या ऋतूत, कोणते गांडूळ घेतले याची विश्वसनीय नोंद स्थानिक अध्यापक व विद्यार्थीच करू शकतात. त्या नोंदीवाचून १५ हजार अक्षरांचा क्रमही निनावी राहील.