धातूच्या तड्यावर कॅमेऱ्याची नजर

पावसाळ्यात खडकवासला धरणाचे दरवाजे उघडले की पुणेकरांचे लक्ष मुठेकडे लागते. विसर्ग किती क्युसेक, भिडे पूल पाण्याखाली गेला का, ही चौकशी घरोघरी होते. दरवाजाच्या पोलादाची चौकशी कोणी करत नाही. पण अर्धवट उचललेल्या दरवाजाखालून पाणी जोरात सुटते, तेव्हा तो थरथरू शकतो. प्रत्येक थरथरीत पोलादावर किंचित ताण येतो आणि जातो. हजार वेळा काही बिघडत नाही. लाखो वेळा झाले, की वेल्डिंगच्या एखाद्या कोपऱ्यात केसाहून बारीक तडा जाऊ शकतो.

याला अभियंते ‘मेटल फटीग’ म्हणतात, म्हणजे धातूचा शीण. बांधकामावरची बाइंडिंगची तार हाताने तोडायची तर कोणी ती ओढत बसत नाही, पुढे-मागे वाकवतो. ओढून न तुटणारी तार दहा-वीस हेलकाव्यांत तुटते, तेच हे.

खडकवासल्याच्या वरच्या अंगाला पानशेत आणि वरसगावला छोटी जलविद्युत केंद्रे आहेत. अशाच, पण अवाढव्य अशा सायबेरियातील सायानो-शुशेन्स्काया केंद्रात १७ ऑगस्ट २००९ रोजी दोन क्रमांकाच्या टर्बाइनचे झाकण धरून ठेवणारे बोल्ट तुटले. पाण्याच्या दाबाने झाकणासह जनित्राचा फिरता भाग उसळून वर आला, यंत्रघर बुडाले आणि ७५ जण दगावले. नंतर सापडलेल्या ४९ बोल्टपैकी ४१ मध्ये शिणाचे तडे होते. आठ बोल्ट तर ९० टक्क्यांहून जास्त आधीच चिरलेले होते. हे तडे त्या सकाळी पडलेले नव्हते.

जुन्या यंत्रात तडा असतोच, असे धरून चालणे शहाणपणाचे. खरा प्रश्न तो किती वेगाने वाढतो, हा. अमेरिकी अभियंता पॉल पॅरिस यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवले, की हा वेग तड्याच्या टोकाशी ताण किती वर-खाली होतो यावर ठरतो. अनेक पोलादांत हे नाते साधारण घनाचे असते, म्हणजे ताणाचा चढ-उतार दुप्पट झाला तर वेग आठपट. शिवाय तडा लांबला की टोकाशी ताणही वाढतो. म्हणून तडा बराच काळ रांगतो आणि शेवटी धावतो. पुढची तपासणी सहा महिन्यांनी करायची की पाच वर्षांनी, हे या वेगावरच ठरते. वेग चुकीचा मोजला, तर तपासणीची तारीखही चुकते.

प्रयोगशाळेत खाच पाडलेला धातूचा तुकडा यंत्रात धरून सेकंदाला कित्येक वेळा ताणतात आणि सोडतात. पूर्वी कोणीतरी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तड्याचे टोक शोधत बसे. आता ते काम कॅमेरा करतो, पण वाटते तितके सोपे नाही. ताण उतरला की तड्याचे ओठ मिटतात आणि टोक दिसेनासे होते. त्यामुळे ताण पुरता चढलेला असतानाच फोटो घ्यावा लागतो. त्यातही साधा ओरखडा तडा म्हणून फसवू शकतो.

यावर एक छान युक्ती आहे. तुकड्याला पांढरा रंग देऊन त्यावर काळे बारीक ठिपके फवारतात. रांगोळीसारखे सरळ ओळीत नव्हे, मुद्दाम वेडेवाकडे. त्यामुळे प्रत्येक चिमुकला भाग वेगळा ओळखू येतो. संगणक आधीच्या आणि नंतरच्या फोटोंची तुलना करून कोणता भाग किती सरकला हे काढतो, तेही एका पिक्सेलच्या काही शतांश भागापर्यंत. दोन बाजू जिथे एकमेकींपासून दूर जातात तिथे तडा. हे अंतर जिथे संपते तिथे त्याचे टोक. ताण चढत असतानाही तडा काही काळ मिटलेलाच राहतो, हे वोल्फ एल्बर यांनी १९७० च्या सुमारास मांडले होते. ताणाचा तेवढा हिस्सा तडा वाढवत नाही. तो नेमका किती, हेही या ठिपक्यांवरून काढता येते.

खडकवासल्याच्या काठी गिरिनगरला संरक्षण मंत्रालयाची ‘डीआयएटी’ ही संस्था शस्त्रास्त्र तंत्रज्ञान आणि पदार्थ अभियांत्रिकी शिकवते. तोफेची नळी हे या प्रश्नाचे चपखल उदाहरण. दर गोळ्यागणिक प्रचंड दाब आणि उष्णता. आतल्या बाजूला बारीक तडे जातात आणि दर बारीला थोडे खोल होतात. म्हणून नळीचे आयुष्य वर्षांवर नव्हे, किती गोळे झाडले यावर मोजतात.

कॅमेऱ्याची एक मर्यादा मात्र सुटत नाही. त्याला फक्त पृष्ठभाग दिसतो. जाड पट्टीत तडा मधोमध अनेकदा पुढे गेलेला असतो. म्हणून चाचणी संपल्यावर तुकडा फोडून आतली खरी रेषा मोजतात आणि फोटोतले आकडे दुरुस्त करतात. गंज, शेवाळ आणि रंगाच्या थरांखालच्या धरणाच्या दरवाजावर ठिपक्यांचा खेळ चालत नाही. तिथे तडा शोधायला अल्ट्रासाउंड किंवा भेगेत झिरपणारा रंग वापरतात. तो पुढे किती वाढेल, हे प्रयोगशाळेतल्या आकड्यांवरून काढतात.